समोरासमोर बसायचा नेम

ब्रिस्टल, सोमवार, २ जानेवारी २००६

अक्का,

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं आधी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तसे आहोतही. दत्तगुरूंच्या कृपेने ह्यांची विमानाच्या कारखान्यातली नोकरी नीट चालली आहे, शार्दूल आठ वर्षांचा झाला, शाल्मली चारची. घर लहान आहे पण उबदार. दुपारी एकटी असते तेव्हा मी हीटिंग बंद ठेवते आणि दोन स्वेटर घालते, एकटीसाठी कशाला जाळायचं.

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे. बाबांच्या तेराव्यापासून तुझं पत्र नाही. दादा फोनवर सांगतो, "अरुणा बरी आहे, मिरजेला मूकबधिरांच्या शाळेत शिवण शिकवते, तिची काळजी करू नको." तुला फोन उपयोगाचा नाही आणि दादाकडून तुझी खुशाली ऐकणं म्हणजे दुसऱ्याने चाखून सांगितलेली भाजी. म्हणून पत्र.

इथे तू अजून माझी शाळेतली मैत्रीण आहेस. लग्न ठरताना बाबांनी एक भाऊ सांगितला, बहीण सांगितलीच नाही. ऐकू न येणारी मोठी बहीण आहे असं कळलं असतं तर पुण्याचं स्थळ हातचं गेलं असतं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ते तसंच चालू राहिलं. तेराव्याला सासूबाई आल्या तेव्हा दादाने तुला मागच्या खोलीत बसवलं. दाराला कडी नव्हती. पण उघडलं कुणीच नाही, मीही नाही. तू संध्याकाळच्या एसटीने गेलीस. आज ते उगाळत नाही. वेगळंच सांगायचं आहे.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सुमेधाकडे हळदीकुंकू होतं. तिचे यजमान हॉस्पिटलात डॉक्टर, घर मोठं, आम्ही दहाबारा जणी होतो. फराळ झाल्यावर ती म्हणाली, "नव्या वर्षात आपण आयांनी इंटेन्शनली जगायचं. म्हणजे जे करतोय ते करताना मनानेही तिथेच असायचं."

वरदा म्हणून एक आहे, कॉम्प्युटरवाली, तिला राहवत नाही. "म्हणजे भांडी घासताना मनाने भांड्यात?"

"हो, भांड्यात."

"अगं, मग मी मनाने तरी बाहेर जाऊ कधी?"

सगळ्या हसल्या. सुमेधाने प्रत्येकीला विचारलं, तू काय करणार. कुणी म्हणाली योगा, कुणी टीव्ही बंद. माझ्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, विचार करून सांगते. मनात आलं, हा तर आपला चातुर्मासातला नेमच. आत्या चार महिने जेवताना बोलायची नाही, आठवतं ना, आणि मीठ हवं असलं की आपण दोघी तिच्या भुवयांवरून ओळखायचो. तू माझ्याआधी ओळखायचीस.

माझा दिवस सांगते म्हणजे नेम कळेल. इथल्या एकट्या राहणाऱ्या मुलांना मी पोळ्या करून देते, कंपन्यांत कामाला आलेली पुण्याकडची मुलं, घरच्या पोळीला आसुसतात. पोरं शाळेतून येतात तेव्हाच माझा तवा तापलेला असतो. ती काय बोलतात ते मी पाठीनेच ऐकते. एकदा शार्दूलने चित्र काढलं, त्यात बाबा, तो, शाल्मली समोरून, आणि मी मागून. अंबाडा आणि पदराची गाठ. ह्यांनी ते फ्रिजवर लावलं, मजा म्हणून.

तर काल सकाळी देवापुढे बसून पळीभर पाणी सोडलं. पोर बोलायला आलं की हातातलं काम खाली ठेवायचं, त्याच्यासमोर बसायचं, तोंडाकडे बघायचं, आणि त्याचं संपेपर्यंत उठायचं नाही. पोळी करपली तरी चालेल. हे शेवटचं देवाला सांगताना जीभ अडखळली, कणीक काही फुकट येत नाही.

तुझी,
सुचेता


ब्रिस्टल, मंगळवार, १७ जानेवारी

अक्का,

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवता येत नाही, शब्दांवर भागव.

नेम चालू आहे. शार्दूलला तो मुळीच आवडलेला नाही. पहिल्याच आठवड्यात शाळेतलं काही सांगायला आला, मी लाटणं ठेवून समोर बसले, तर म्हणाला, "आई, तू अशी का बघतोस? स्टॉप स्टेअरिंग." इथे वाढलेल्या पोरांचं मराठी असंच, आई कधी बघतो कधी बघतोस. मी म्हटलं, "अरे, ऐकतेय." "ऐकायला कान लागतात, डोळे नाही," म्हणाला आणि गेला पळत.

हे वाक्य मला त्या दिवशी नुसतं गमतीचं वाटलं.

शाल्मलीचं बोलणं तुला ठाऊक नाही. अगदी थोडं बोलते, तेही जडजड, शब्दांची टोकं तुटलेली. "दूध" म्हणायचं तर "दू". नर्सरीच्या बाई म्हणाल्या, घरात मराठी, इथे इंग्रजी, दोन भाषांच्या मुलांना वेळ लागतो. ह्यांनी ते लगेच उचललं. "तू तिच्याशी एक काय ते बोल, इंग्लिश बोल." आता माझं इंग्रजी म्हणजे मॅट्रिकचं. "कम, इट, स्लीप, नो." एवढ्यात पोर किती वाढणार? मग मी तिच्याशी बोलणंच कमी केलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

नेम धरल्यापासून मी तिच्यासमोर जमिनीवर बसते आणि मराठीतच बोलते, ह्यांना न विचारता. तर काय, ती सगळं समजून घेते. "बाहुलीला टोपी घाल, तिला थंडी वाजतेय" म्हटलं की टोपी आणते. मला वाटलं, दत्तगुरूंनी हात दिला, नेम फळला.

गेल्या गुरुवारी ती पाठमोरी खेळत होती. मी ओट्याजवळून म्हटलं, "शालू, लाडू देऊ?" वळली नाही. पुन्हा म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मग पुढे जाऊन, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, लाडू देऊ? तिने लगेच हात पुढे केला.

अक्का, ते ओठ हलवून बोलणं मी कुणाशी करायची ते तुला सांगायला नको. आंघोळीच्या चुलीमागे बसून आपण दोघी आवाज न काढता आईची नक्कल करायचो.

मी पितळी ताट उचललं आणि तिच्या मागे फरशीवर टाकलं. आई तुझ्यामागे टाकायची तसंच. ताट पडलं तेव्हा ती दचकली, हे खरं. म्हणजे अगदी काही येत नाही असं नाही. पण दाराची बेल, माझी हाक, कुकरची शिट्टी, काही नाही.

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "अगं, खेळात दंग असते ती. माझीही आई हाका मारून थकायची." ह्यांच्या बोलण्यातलं अर्धं मिशीत जातं, दाट आहे ना. शाल्मली ह्यांच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते, बाबा काय म्हणाले ते मी सांगेन म्हणून. मी आजवर समजत होते, पोर आईवेडी आहे.

उद्या जीपीकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, नाव लावते. पाच नंबर बसने जाऊन येईन, ह्यांना रजा नको.

सुचेता


ब्रिस्टल, गुरुवार, ९ फेब्रुवारी

अक्का,

तपासणी झाली. हे आले होते, रजा काढून.

एका बंद खोलीत शाल्मलीला छोट्या टेबलाशी बसवलं, कानावर मोठी यंत्रं. समोर लाकडाची नाव आणि लाकडाची बारकी माणसं. आवाज आला की एक माणूस नावेत ठेवायचा, एवढाच खेळ. तिला फार आवडला. पहिली माणसं भराभर गेली. मग ती हातात माणूस धरून बसली. आम्ही काचेच्या अलीकडे होतो, आम्हाला आवाज येत होता, चिमणीसारखा. ती आमच्याकडे बघून हसत होती, हातात माणूस तसाच. आवाज मोठा झाला, आणखी मोठा झाला. ह्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता.

दोन्ही कानांचं आहे. शिरेचं आहे, म्हणजे औषध नाही, ऑपरेशन नाही. जवळचं, मोठं ऐकू येतं, लांबचं आणि हळू बोललेलं येत नाही. कानामागे लावायची यंत्रं देणार आहेत, सरकारी खर्चाने. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, माझ्याकडे बघून सावकाश बोलतात. त्यांनी विचारलं, घरात, नात्यात लहानपणापासून कुणाला कमी ऐकू येतं का?

हे म्हणाले, "नो, नोबडी. दोन्हीकडे कुणी नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावत होते.

बाईंनी पुढे समजावलं, की विचारायचं कारण असं, काही घरांत हे जन्मतः थोडं असतं आणि वयाबरोबर वाढत जातं. तसं असेल तर वरचेवर तपासावं लागतं, भावालाही तपासावं लागतं, आणि पोरीला खुणांची भाषाही वेळेत शिकवतात. तसं नसेल तर वर्षाने एकदा पुरतं. ह्यांनी मान डोलावली. कागदावर बाईंनी काहीतरी लिहिलं, वर्षाने एकदा असंच असणार.

तू दुसरीत होतीस तोवर रेडिओला कान लावून बसायचीस. मला नीट आठवतं, कारण तू उठलीस की त्या जागेसाठी मी भांडायचे. पाचवीत तू रेडिओ पुसून ठेवलास आणि मला म्हणालीस, घे, तुझा. मी किती खूश झाले होते.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पुण्याला एवढ्यात काही बोलू नको. आई उगाच गावभर करेल. पोरीची जात आहे, उद्या लग्नाचं बघायचं. केस वाढव तिचे, कानावर येतील असे. फोटोत दिसायला नकोत यंत्रं."

मी म्हटलं, "ती चार वर्षांची आहे."

"म्हणूनच सांगतोय. आत्तापासून सवय लागेल."

वाईट माणूस नाहीत हे. पोर झोपल्यावर तिच्या उशाशी बसून होते. पण ते बोलले तेव्हा मला बाबांचा आवाज ऐकू आला, तेच शब्द, तीच काळजी. बाबासुद्धा वाईट नव्हते.

मी डॉक्टरणीपुढे बोलले नाही ते बरं झालं असंही मन म्हणतं. परदेशात आहे, नवऱ्याच्या व्हिसावर आहे, माहेरचं कुणी जवळ नाही. बारा वर्षांचं खोटं उघडं पडलं तर हे काय करतील मला खरंच सांगता येत नाही. पोथी रोज वाचते. वाचताना ओळी डोळ्यांपुढून जातात, आत काही जात नाही. सुमेधा विचारत होती, "सुचेता, नेम चाललाय ना?" मी म्हटलं, चाललाय.

अक्का, माझ्यावर राग असू दे. पण हिला कसं वाढवायचं ते मला सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

सुचेता


ब्रिस्टल, रविवार, १२ मार्च

अक्का,

तुझं कार्ड आलं. दारातून आत पडलं तेव्हा अक्षर ओळखून मी जिन्याच्या पायरीवरच बसले. माझ्या एवढ्या लांब पत्रांना तुझ्या पाच ओळी. "मुलीला समोर बसव. उजेड तुझ्या तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. ओरडू नको, ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं. सगळे हसले की ती विचारेल काय झालं, तेव्हा 'काही नाही' म्हणू नको, सांग. नवऱ्याची मिशी काढ."

माझ्याविषयी एक अक्षर नाही. ठीक आहे, मुलीविषयी लिहिलंस.

त्या "काही नाही"वर मी खूप वेळ थांबले. आम्ही सगळे तुला तेच म्हणायचो.

मिशीचं मात्र अवघड आहे. मामंजी पुण्याला खडखडीत आहेत, देव त्यांना शंभर वर्षं देवो. बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे काय ते तुला माहीत आहे. दहाव्याला काढतात. मी उपास करणारी बाई, माझ्याच्याने ते तोंडातून काढवेना. तुझं कार्ड देवामागे ठेवलं आणि रोज देवाला म्हटलं, बाकी चार गोष्टी करते, पाचवी नको सांगू.

मग सात तारखेला यंत्रं बसवायला गेलो. कानाच्या आकाराचे मऊ गुलाबी साचे, मागे बोटाच्या पेराएवढं यंत्र. बाईंनी बसवून चालू केलं. शाल्मली आधी रडायच्या बेतात आली. मग खुर्चीवर पाय आपटले, थांबली, पुन्हा आपटले. स्वतःचे पाय वाजतात हे तिला कळलं. हे तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले.

बाई कागद चाळत म्हणाल्या, "सो, नो फॅमिली हिस्टरी, पुढच्या मार्चमध्ये भेटू."

मी म्हटलं, "माय सिस्टर."

काही ठरवून गेले नव्हते. आवाज माझाच होता एवढं खरं. बाई थांबल्या. मी म्हटलं, "माय एल्डर सिस्टर. स्मॉल टाइम लिटल हिअर. देन टेन इयर, नो हिअर." इंग्रजी असं तुटकं, पण त्यांना सगळं कळलं. त्यांनी जुना कागद बाजूला ठेवून नवा घेतला, पेन उघडलं आणि विचारलं, नाव काय तिचं? मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. हे माझ्याकडे बघत होते, जणू मी दुसऱ्या कुणाची बायको आहे.

आता शार्दूलची तपासणी आहे, शाल्मलीची दर तीन महिन्यांनी. खुणांची भाषा शिकवायला एक बाई घरी येणार आहेत.

गाडीतून परतताना पुलापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे ती अरुणा. मैत्रीण."

"हो."

"मी तिला मनीऑर्डर करायला निघालो होतो एकदा. तिच्या शाळेला मदत म्हणून. तू नको म्हणालीस."

"हो."

"तुझ्या वडलांनी फसवलं आम्हाला."

मी म्हटलं, "फसवलं. आणि तुम्ही शालूचे केस वाढवायला सांगता ते काय आहे?"

मागून शाल्मली नव्या यंत्रांनी ऐकत होती की काय कोण जाणे. हिरवा लागला, मागच्याने भोंगा वाजवला, आणि ती एवढी दचकली की आम्ही दोघंही मागे वळलो.

पाच दिवस झाले, हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. "मीठ." "किल्ली." मी जेवायला वाढते, ते जेवतात, ताट उचलून ठेवतात. पूर्वी ठेवत नव्हते, आता माझ्या हाताला हात लागू नये म्हणून ठेवतात. रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुचेता


ब्रिस्टल, शुक्रवार, ३१ मार्च

अक्का,

काल पाडवा झाला. गुढी आत खिडकीशी उभारली, बाहेर वारा फार. कडुलिंब इथे मिळत नाही, कढीपत्त्यावर भागवलं.

आधी मंगळवारचं सांगते. शाल्मली यंत्रं लावून ह्यांच्या मांडीवर बसली होती. हे तिला गोष्ट सांगत होते, मोठ्या आवाजात, हातवारे करून. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने दोन्ही हातांनी ह्यांची मिशी वर उचलली, पडदा सारतात तशी, आणि खाली काय आहे ते बघत राहिली. गोष्ट थांबली. मी स्वयंपाकघरात होते, माझ्याकडे न बघता ह्यांनी विचारलं, "हे काय करतेय ही?"

तेव्हा मी तुझं कार्ड देवामागून काढून पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले. म्हणाले, "बाबा आहेत अजून."

"माहीत आहे. म्हणून तीन आठवडे लपवलं."

"लपवण्यात तू हुशारच आहेस," म्हणाले. तीन आठवड्यांनंतरचं ते पहिलं लांब वाक्य.

मी म्हटलं, "निदान पाडवा होऊ दे. सणाचं नको." मला खरंच भीती वाटत होती अक्का. मामंजींना काही झालं तर जन्मभर ते माझ्या माथी, आणि माझंच मन सगळ्यात आधी ते मारेल. बुधवारी सकाळी हे बाथरूममधून बाहेर आले तर ओठ उघडा. ओळखू येईनात. वरचा ओठ इतका पातळ आहे हे मला लग्नाला बारा वर्षं होऊन माहीत नव्हतं. शाल्मलीने जवळ जाऊन बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, दुखलं?" ते म्हणाले, "नाही." तिला ते कळलं. माझ्याकडे वळली नाही.

काल दुपारी पुण्याला धाकट्या राजीव भावजींच्या घरी सगळे जमले होते. हल्ली कॉम्प्युटरवर एकमेकांची तोंडं दिसतात, थांबत थांबत. इकडे हे बसले, तिकडून सासूबाईंची किंकाळी. "अरे पद्माकर, काय केलंस हे, कुणाचं काय झालं?" मागून मामंजी चष्मा सावरत पुढे आले. "कुणाचं झालंय ते मलाही कळू दे. मी तर इथे श्रीखंड खातोय."

राजीव भावजी खो खो हसले. सासूबाई रडायलाच लागल्या, "अपशकुनी, सणासुदीला." मला वाटलं आता हे काहीतरी सांगून सुटतील, फॅशन म्हणतील, ऑफिस म्हणतील. त्यांनी शाल्मलीला उचलून मांडीवर घेतलं. मी त्या सकाळी तिच्या दोन वेण्या घट्ट वर बांधल्या होत्या, कान मोकळे. सांगत नाही की धीर करून बांधल्या. दोनदा सोडून पुन्हा बांधल्या, तरी भांग वाकडा आला.

"आई, शालूला कमी ऐकू येतं. ही मशीनं आहेत. तिला माझे ओठ दिसत नव्हते."

तिकडे सगळे थिजले. मला वाटलं कॉम्प्युटर अडकला. मग सासूबाई, "आपल्यात कुणाला नाही हे. कुणाकडून आलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगणार नव्हते, एवढं मला त्या नजरेत कळलं, ते माझ्यावर सोडत होते. मी पुढे होऊन बसले. "माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला आहे. अरुणा. मिरजेला असते."

"तुला बहीण आहे?"

"आहे."

"लग्नाच्या वेळी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर केली असती मला सून?"

सासूबाई खोटं बोलत नाहीत, तो त्यांचा गुण आहे. म्हणाल्या, "नसती केली." मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बंद करा ते यंत्र, मला बोलवत नाही." राजीव भावजींनी बंद केलं. त्यानंतर त्यांचा फोन नाही. मामंजींचा एक आला, ह्यांच्या नावे. काय बोलले ते हे सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. माझ्याशी अजून पुरते बोलत नाहीत. "तुझ्या वडलांनी" हा शब्द मध्येच येतो आणि मग जेवणभर शांतता. बारा वर्षांचं आहे, तीन आठवड्यांत थोडंच उतरणार.

हे सगळं लिहायला बसले नव्हते, अक्का. लिहायला बसले ते आज सकाळच्या एका गोष्टीसाठी.

शाल्मलीला नर्सरीसाठी तयार करत होते. समोर बसले होते, उजेड माझ्या तोंडावर. यंत्र कानात बसवताना तिने विचारलं, तिच्या तुटक्या शब्दांत, अर्धं खुणेने, "आई, मोठी झाली की हे जाणार?"

मी म्हटलं, "नाही बाळा. राहणार."

तिने विचार केला. तिला मी खोटं बोलतेय असं वाटलं. म्हणाली, "मोठ्यांना नसतं. तुला नाही. बाबाला नाही. बाईंना नाही. आजीला नाही."

मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "मग मशीनवाल्या मुली मोठ्या होत नाहीत?"

पोर चार वर्षांची आहे आणि तिने तिच्यासारखी एकही बाई पाहिलेली नाही, म्हणून ती धरून चालली आहे की त्या नसतातच. नसतातच असं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं होतं, आणि पोरीने तेवढंच पाहिलं.

मी म्हटलं, "होतात. तुझी मावशी झाली आहे. मोठी आहे, माझ्याहून मोठी. कपडे शिवते. तिला सगळं ओठांवरून कळतं."

"कुठे आहे?"

"मिरजेला."

"दाखव."

घरभर शोधलं. लग्नाच्या अल्बममध्ये तू नाहीस. बाबांच्या फोटोंत नाहीस. आपल्या दोघींचा शाळेतला एक होता, तो मी इकडे येताना दादाकडे ठेवून आले. शाल्मली दप्तर पाठीला लावून दारात उभी होती आणि मी ड्रॉवर उपसत होते. शेवटी हात रिकामे घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आज नाही मिळाला. मागवते."

म्हणून मागते आहे. एक फोटो पाठव. कान दिसू देत, यंत्र लावलं असेल तर तेही. आम्ही जुलैत येतो आहोत, हे येतील की नाही अजून ठरत नाही, मी आणि पोरं नक्की. पुण्याच्या आधी मिरजेला उतरू. मला तू घरात घेशील की नाही ते तुझं तू ठरव, मी दारात थांबेन. पण तिला आत घे, आणि तिच्यासमोर बस.

सुचेता